बोटांची शाळा

मुलांनो, तुमच्या घरी पहिलीत जाणारा धाकटा भाऊ किंवा बहीण आहे का? असेल तर हा पाठ मुद्दाम लक्ष देऊन वाचा.

माझ्या आठवीच्या वर्गातील एक मुलगी एकदा म्हणाली, "सर, माझा भाऊ वही लपवून ठेवतो. अक्षर वेडेवाकडे येते म्हणून सगळे त्याला रागावतात. आता तो शाळेलाच जायला नको म्हणतो."

मी विचारले, "त्याला शर्टाचे बटण लावता येते का?"

"नाही सर, मीच लावून देते."

तेव्हा माझ्या लक्षात आले. तो मुलगा आळशी नव्हता. त्याची बोटे अजून तयार झाली नव्हती.

एक प्रयोग करून पाहा. उजवा हात कोपराच्या थोडा खाली डाव्या हाताने धरा. आता उजव्या हाताची बोटे हलवा. कातडीखाली काहीतरी हलते ना? ते स्नायू आहेत. बोटे हलवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात. मनगटापासून बोटांपर्यंत एका हातात २७ हाडे असतात. त्यांतील मनगटाची ८ हाडे लहान वयात पूर्ण तयार झालेली नसतात. अशा हाताने तासभर पेन्सिल चालवली तर हात दुखणारच!

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली इटलीतील रोम शहरात लहान मुलांची शाळा सुरू केली. तेथे मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत. पेन्सिल हातात येण्यापूर्वीच बोटाला अक्षराची ओळख होई. आपल्याला घरातल्या वस्तू पुरेत.

अम्मी चपात्या करत असतील तेव्हा कणकेचा लहान गोळा मागून घ्या. भावाला त्याची लांब दोरी वळू द्या. त्या दोरीचा आधी 'जीम' करा, मग मराठीचा 'ग' करा.

थाळीत थोडा रवा पसरा आणि त्यात बोटाने लिहू द्या. चुकले तर थाळी हलवा. चूक पुसली जाईल, लाल शेरा मिळणार नाही!

नुक्त्यांसाठी मसुरीचे दाणे घ्या. 'बे'च्या खाली एक, 'ते'च्या वर दोन, 'पे'च्या खाली तीन. लहान मुले दाणे नाकातोंडात घालतात, म्हणून जवळ बसा.

उर्दू आपण उजवीकडून डावीकडे लिहितो, मराठी डावीकडून उजवीकडे. मराठी अक्षरे शिरोरेषेखाली लटकतात, जणू दोरीवर वाळत घातलेले कपडे! कागदाच्या तुकड्यांवर अक्षरे लिहा आणि ती भावाला चिमट्यांनी दोरीवर लावू द्या. चिमटा उघडताना अंगठा व तर्जनी यांना बळ येते. पेन्सिलही त्याच बोटांनी धरायची असते.

त्या मुलीने रोज पंधरा मिनिटे हे खेळ घेतले. काही महिन्यांनी ती हसत हसत सांगू लागली, "सर, आज भाऊ म्हणाला, 'आपा, बटण मीच लावणार!'" त्याचे अक्षर अजून थोडे वाकडेच होते, पण वही लपवणे मात्र थांबले होते.

मुलांनो, धाकट्या भावंडाच्या अक्षराला हसण्यापूर्वी त्याची बोटे पाहा. त्यांना रागाची नाही, खेळाची गरज असते.

स्वाध्याय
१. मुलगा वही का लपवत होता?
२. चिमट्यांच्या खेळाने कोणत्या बोटांना बळ येते?
३. यांतील एक खेळ घरी घ्या व त्याविषयी पाच वाक्ये लिहा.