तेल, तूप आणि आपले यकृत

पिंपळगाव रेणुकाई हे भोकरदन तालुक्यातले गाव. हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ते नावाजलेले आहे. हंगामात तिथे मालाच्या गाड्यांची रांग लागते. अशाच दिवसांत आम्ही तिथल्या वर्गावर गेलो होतो. वर्ग सुटला. एक गृहस्थ मात्र जागचे उठले नाहीत. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ते हळू आवाजात म्हणाले,

"गुरुजी, मी माळकरी माणूस. दारूच्या थेंबाला शिवलो नाही. तरी डॉक्टर म्हणले, यकृतात चरबी साठली. आता घरचेबी इचारतेत, चोरून पिता का म्हणून. तोंड दाखवायची चोरी झाली."

मंडळी, या माणसावर अन्याय होत होता. दारूने यकृत बिघडते हे खरेच. पण दारू न पिणाऱ्याच्या यकृतातही चरबी साठते. कशी, ते पाहू.

यकृत काय करते?

यकृत पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांखाली असते. खाल्लेल्या अन्नाचा रस त्याच्याकडे येतो. तेल-तूप पचवायला लागणारे पित्त तेच तयार करते. आपल्या गरजेपेक्षा जास्त अन्न आले, की यकृत त्याची चरबी बनवते. साखर आणि मैदा यांचीही चरबीच होते. ती यकृतात साठत जाते. बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणून वर्षानुवर्षे कळत नाही. पुढे काहींचे यकृत सुजते आणि निबर होते.

आम्ही त्या गृहस्थांना रोजचे खाणे विचारले. बाजारात दिवसभर बसणे, सात-आठ कप गोड चहा, दोन वेळा भजी. शेतातले काम मजुरांकडे. पोट सुटलेले. दारू नव्हती, पण बाकी सगळे होते!

कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. शरीराला तो लागतो, आणि यकृत तो स्वतः बनवते. तो रक्तातून फिरतो. समजा, या मालाच्या दोन प्रकारच्या गाड्या आहेत. एक प्रकार यकृताकडून माल अंगभर नेतो. दुसरा प्रकार उरलेला माल यकृताकडे परत आणतो. पहिल्या गाड्या फार झाल्या, की माल रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकतो. वाट अरुंद होते. मग हृदयविकाराचा झटका येतो, नाही तर पक्षाघात होतो.

सगळे तेल सारखे नसते

तेल-तूप ज्या बारीक घटकांचे बनते, त्यांना मेदाम्ले म्हणतात. त्यांचे तीन प्रकार ध्यानात ठेवा.

१. संपृक्त मेदाम्ले. तूप, लोणी, पामतेल आणि खोबरेल यांत ती पुष्कळ असतात. ती फार खाल्ली, की पहिल्या प्रकारच्या गाड्यांना यकृताची दारे कमी पडतात. त्या रक्तातच फिरत राहतात.

२. असंपृक्त मेदाम्ले. करडई, शेंगदाणा, तीळ, सोयाबीन आणि जवस यांच्या तेलांत ती जास्त असतात. तुपाऐवजी ही तेले खाल्ली तर रक्तातले कोलेस्टेरॉल उतरते.

३. ट्रान्स मेदाम्ले. तेल घट्ट करून वनस्पती तूप बनवताना ही तयार होतात. ही सर्वांत वाईट. वाईट गाड्या वाढवतात आणि चांगल्या कमी करतात. म्हणून सन २०२२ पासून सरकारने तेल-तुपातील त्यांचे प्रमाण १०० भागांत २ भागांपर्यंतच ठेवण्याचा नियम केला आहे.

आपल्या मराठवाड्यात पूर्वी रब्बी ज्वारीच्या कडेने करडई पेरीत. तिच्या काट्यांमुळे गुरे आत शिरत नसत, आणि घाण्यावरून घरचे तेल मिळे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' हे करडईचे वाण दिलेले आहे. जवसाची चटणी तर आपल्या ताटातलीच. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-तीन नावाच्या मेदाम्लाचा असतो. मात्र जवस भाजून कुटून खावे. अख्खे दाणे पचत नाहीत.

मग करायचे काय?

एका बाईंनी विचारले, "मंग तेल बंदच करावं का?" नाही, माय! तेल शरीराला हवेच. पण चांगले तेलही मापात हवे. बेताचे काम करणाऱ्याला रोज चहाचे पाच चमचे तेल पुरे. पाच माणसांच्या घरात महिन्याला सुमारे ४ लिटर झाले. कष्टाचे काम करणाऱ्याला थोडे जास्त चालते.

तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. गोड चहा कमी करावा. भाकरी, डाळ, पालेभाजी खावी. रोज अर्धा तास झपझप चालावे. ८० किलोच्या माणसाने हळूहळू ६ ते ८ किलो वजन उतरवले, तर यकृतातली चरबी बरीच कमी होते. दारू नकोच. डॉक्टरांना विचारल्यावाचून झाडपाल्याचे औषध घेऊ नये. त्यानेही यकृत बिघडू शकते.

ते गृहस्थ उठले. म्हणाले, "गुरुजी, हा धडा मला द्या. आज घरी मीच वाचून दाखवतो."

प्रश्न

१. दारू न पिणाऱ्याच्या यकृतात चरबी का साठते?
२. तुमच्या घरी महिन्याला किती तेल लागते? माणशी किती पडते?
३. जवस अख्खे का खाऊ नये?