पहिलं गिऱ्हाईक

व्हर्च्युअल असिस्टंट म्हणजे दुसऱ्याच्या ऑफिसचं काम आपल्या घरून, लॅपटॉपवर करून देणारी व्यक्ती. ई-मेलना उत्तरं देणं, भेटीच्या वेळा ठरवणं, बिलांचा तक्ता ठेवणं, असली कामं. नाव नवं, काम जुनंच. शिवकाळात पत्रव्यवहार सांभाळणारा तो चिटणीस, आणि हा शब्द ‘चिट्ठीनवीस’वरून आला, हे भाषेच्या तासाला आपण शिकलोच आहोत. ‘मराठी साहित्य घेऊन पुढे काय करणार?’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांना हल्ली मी हेच ऐकवते.

मंडळातल्या मैत्रिणी मला विचारतात, कोर्स कुठला केलास? खरं तर अडतं ते पहिल्या क्लायंटपाशी. म्हणून त्याबद्दलच लिहिते.

बहुतेक जण आधी अपवर्क नाहीतर फायव्हरवर खातं उघडतात. चुकीचं नाही, पण हिशेब समजून घ्या. फायव्हर आपल्या कमाईतले 20 टक्के कापून घेतं. अपवर्कवर कामासाठी अर्ज करायला ‘कनेक्ट्स’ खर्चावे लागतात आणि संपले की विकत घ्यावे लागतात. वर जुन्या कामाचे अभिप्राय असल्याशिवाय काम मिळणं कठीण, आणि काम मिळाल्याशिवाय अभिप्राय येणार कुठून? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत! शिवाय टायपिंगचं काम देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असं सांगणारे भेटतात. काम देणारा आपल्याकडून पैसे मागत नसतो. पैसे गेलेच तर लगेच 1930 या हेल्पलाइनला फोन करा.

माझं म्हणणं असं, की पहिलं गिऱ्हाईक आपल्या बेळगावातच शोधावं. इथल्या धंद्यांचा व्यवहार तीन भाषांत चालतो: फोन मराठीत, ई-मेल इंग्रजीत, सरकारी कागद कन्नडमध्ये. मालक माणूस दिवसभर कामावर उभा असतो, उत्तरं राहून जातात. आपल्याला मराठीत ऐकून इंग्रजीत नीट लिहिता येतं. याला किंमत आहे, फक्त ती आपण कधी लावत नाही.

मी एका वहीत ओळखीच्या दहा जणांची नावं लिहिली. नावापुढे त्यांचं कुठलं काम नेहमी मागे पडतं तेही लिहिलं. पप्पांचे एक मित्र उद्यमबागेत छोटा मशीन-शॉप चालवतात. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात ते नेहमी एकच तक्रार करायचे: पुण्याहून, कोल्हापूरहून कोटेशन मागणारे मेल येतात, बघेपर्यंत आठवडा उलटतो. त्यांना ‘व्हर्च्युअल असिस्टंट हवाय का?’ असं विचारलं असतं, तर ते नुसते हसले असते. मी एवढंच लिहून पाठवलं:

‘अंकल, कोटेशनच्या मेल्सना रोज संध्याकाळी उत्तराचा मसुदा मी करून ठेवीन. दर तुम्ही भरायचे, पाठवायचं तुम्ही. एक आठवडा करून बघू, 1,500 रुपये. पटलं नाही तर आठव्या दिवशी थांबू.’

यात माझ्या पदवीचा उल्लेख नाही, आणि मुद्दामच नाही. त्यांचं अडलेलं काम, मी काय करणार, किती दिवस, किती पैसे, आणि नको असेल तर सुटका कशी, एवढं त्यांना कळलं की पुरे.

ओळखीत पैसे कसे मागायचे, हा खरा अवघड भाग. ‘घरचीच पोरगी, करून देईल की’ असं म्हणणारे भेटतातच. मम्मीलाही वाटत होतं, पहिला आठवडा फुकट करावा. मला ते पटलं नाही. फुकट कामाला ना वेळ ठरलेली असते, ना शेवट. रोज दीड तास, सहा दिवस, म्हणजे नऊ तास झाले. 1,500 म्हणजे तासाला दीडशेच्या थोडं वर. थोडे असले तरी पैसे घेतले, की दोन्ही बाजू काम गंभीरपणे घेतात. रक्कम आधी लेखी कळवली, तर नंतर कुणालाच संकोच वाटत नाही.

कुणाचाही पासवर्ड मात्र घेऊ नका. जीमेलमध्ये मूळ पासवर्ड न देता दुसऱ्याला प्रवेश देता येतो, गुगल कॅलेंडरही तसंच वाटून घेता येतं. ओटीपी तर कधीच मागायचा नाही. गिऱ्हाइकांची नावं, दर, बाहेर बोलायचे नाहीत, घरीसुद्धा.

पाचव्या दिवशी अंकलनी स्वतःहून थकलेल्या बिलांची फाइल दिली. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या कारखान्याचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवावं लागतं, असं 2006चा एमएसएमई कायदा सांगतो. मी आठवणीची तीन पत्रं तयार केली: पहिलं नुसतं विचारणारं, दुसरं बिल नंबर-तारखेसह, तिसऱ्यात कायद्याचा उल्लेख. नातं न तोडता पैसे मागणारं पत्र लिहिणं हा निबंधापेक्षा अवघड प्रकार आहे बरं का! एक-एक शब्द तोलावा लागतो.

आठवडा संपल्यावर महिन्याला 6,000 ठरले. सोबत मी अभिप्रायाच्या दोन ओळी लेखी मागून घेतल्या. त्या दोन ओळी वाचून शेजारच्या शेडवाल्यांनी विचारलं. सहाव्या सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आहे, म्हणून त्यांना जूनपासून हो म्हटलंय.