यकृतातील मेद आणि औषधांची निवड

सोनोग्राफीच्या अहवालात 'फॅटी लिव्हर' ही अक्षरे दिसली की रुग्णाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: यावर गोळी कोणती? औषधांच्या दुकानात त्याचे उत्तर तत्काळ मिळते आणि लिव्हर टॉनिकची बाटली हाती पडते. वैद्यकशास्त्राचे उत्तर मात्र इतके सोपे नाही. अनेकांना यकृतासाठी वेगळ्या गोळीची मुळीच गरज नसते. काहींना मात्र वेळीच उपचार न मिळाल्यास यकृत निकामी होण्याचा धोका असतो. कोण कोणत्या गटात मोडतो, हे केवळ सोनोग्राफीवरून कळत नाही.

मटणाच्या दुकानात जिला कलेजी म्हणतात, तेच यकृत. त्यातील मेद पाच टक्क्यांच्या वर गेला की तो विकार समजला जातो. मद्यपान हे त्याचे एक कारण खरे. परंतु उर्राक वा फेणीचा थेंबही न घेणाऱ्या गृहिणींना आणि शिक्षकांनाही तो जडतो, आणि 'तुम्ही घेता काय?' हा प्रश्न त्यांना विनाकारण ऐकावा लागतो. पोटाचा वाढलेला घेर, मधुमेह आणि रक्तातील वाढलेली चरबी ही त्यांच्या बाबतीत मुख्य कारणे होत. २०२३ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी या प्रकाराचे जुने नाव बदलून चयापचयाशी निगडित असे नवे नाव दिले, ते उचितच झाले.

खरे भय साध्या मेदाचे नसून त्यामुळे होणाऱ्या दाहाचे आहे. जखम भरल्यावर कातडीवर वण राहतो, तसे वण दाहामुळे यकृतात पडतात. ते वाढत जाऊन यकृत कठीण झाले की त्यास सिऱ्होसिस म्हणतात. हे सारे बहुधा वेदनेवाचून घडते. वणांचा अंदाज घेण्यासाठी 'फिब-४' नावाचे साधे गणित आहे. रुग्णाचे वय, रक्तातील एसजीओटी व एसजीपीटी आणि प्लेटलेटची संख्या एवढ्यावर ते करता येते. उत्तर १.३ पेक्षा कमी आल्यास गंभीर वण असण्याचा संभव कमी असतो. पासष्टीपुढील व्यक्तींसाठी ही मर्यादा २ धरतात. उत्तर अधिक आल्यास फायब्रोस्कॅन ही पुढील तपासणी करावी लागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने मधुमेह, हृदयविकार व कर्करोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या विकाराचा समावेश केला, हे येथे नमूद केले पाहिजे.

औषधे कोणतीही असोत, पाया वजन घटविण्याचाच राहतो. शरीराचे वजन पाच टक्क्यांनी उतरले की यकृतातील मेद कमी होतो. सात ते दहा टक्क्यांनी दाह ओसरतो, आणि दहा टक्क्यांहून अधिक उतरल्यास वणही मागे हटू शकतात. ऐंशी किलो वजनाच्या माणसास याचा अर्थ आठ किलो. हे बोलणे सोपे, करणे अवघड, आणि म्हणूनच औषधांचा शोध चालू राहिला.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत मधुमेह नसलेल्या २४७ रुग्णांवर ई जीवनसत्त्व व पायोग्लिटाझोन यांचा प्रयोग झाला. ई जीवनसत्त्वाने ४३ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली. नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत ती १९ टक्के होती. तथापि मोठ्या मात्रेतील हे जीवनसत्त्व दीर्घकाळ घेण्यात धोके आहेत, आणि पायोग्लिटाझोनने वजन वाढते, पायांवर सूज येते. अहमदाबादच्या झायडस कंपनीने शोधलेल्या सरोग्लिटाझारला भारतात प्रथम २०१३ मध्ये मधुमेहींच्या रक्तातील चरबीसाठी व २०२० मध्ये यकृताच्या या विकारासाठी मान्यता मिळाली. त्याने मेद घटतो. वण कमी होतात याचा पुरावा मात्र अजून तोकडा आहे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरोम ही गोळी आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड हे आठवड्यातून एकदा घ्यावयाचे इंजेक्शन या विकारासाठी मान्य केले. दोन्ही औषधे दाहाबरोबर मध्यम ते गंभीर वण असलेल्या, परंतु सिऱ्होसिस न झालेल्या रुग्णांसाठीच आहेत. साध्या मेदासाठी ती नव्हेत. शेजाऱ्याचे वजन उतरले म्हणून आपणही इंजेक्शन आणावे, असा हा प्रकार नाही.

मेटफॉर्मिन मधुमेहासाठी उत्तम असले तरी यकृतातील दाह वा वण त्याने सुधारत नाहीत. याउलट, यकृत बिघडेल या भीतीने कित्येक जण कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी परस्पर बंद करतात. ही चूक जिवावर बेतू शकते, कारण या रुग्णांच्या मृत्यूचे प्रमुख कारण यकृत नसून हृदयविकार आहे, आणि मेदयुक्त यकृतात स्टॅटिन सामान्यतः सुरक्षित असते.

राहता राहिली टॉनिके व काढे. त्यांनी वण बरे होतात असे सिद्ध झालेले नाही. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. वाद काहीही असो, तपासणीस जाताना रुग्णाने जुन्या रक्ताच्या अहवालांबरोबर घरातील अशी प्रत्येक बाटली, पुडी व चूर्णही सोबत न्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.