घर सोडताना

पवनेच्या काठी वसलेले पिंपळे गुरव हे एके काळी लहानसे खेडे होते. गावाभोवती शेते होती, आणि त्या शेतांवरच गावाचा निर्वाह चाले. १९५४ साली जवळच पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा कारखाना स्थापन झाला. पाठोपाठ पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या परिसरात आणखी कारखाने उभे राहिले. तेथे काम मिळते, हे कळताच महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतील माणसे घरदार मागे ठेवून इकडे आली. शेतांच्या जागी घरे उठली, आणि पिंपळे गुरव मोठ्या नगराचा भाग बनले. आज तेथील कोणत्याही गल्लीत चौकशी केली, तर बहुतेक घरांतील वडीलधारी माणसे आपल्या दूरच्या गावाचे नाव सांगतील. खेड्याकडून शहराकडे वाहणारा माणसांचा हा ओघ आपल्या चांगल्या परिचयाचा आहे.

परंतु काही माणसे या ओघाच्या उलट दिशेने चालत जातात. सोयींनी युक्त असे घर सोडून ती माळावर किंवा रानात जाऊन राहतात. असे करण्यात त्यांचा हेतू काय असतो? जाण्यापूर्वी ती कशाची तयारी करतात? या प्रश्नांचे उत्तर विदर्भातील आमटे कुटुंबाच्या इतिहासात सापडते. या कुटुंबाने एकदा नव्हे, तर तीनदा घर सोडले.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका जमीनदार घराण्यात झाला. सर्वजण त्यांना बाबा म्हणत. घरी कशाचीही उणीव नव्हती. वकिलीचे शिक्षण पूर्ण करून बाबा वरोरा येथे वकिली करू लागले. पण दुसऱ्याच्या श्रमांवर आपण सुखात जगावे, हे त्यांच्या मनाला पटेना. वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना भंगी कामगारांचे कष्ट जाणून घेण्यासाठी त्यांनी स्वतः मैला वाहण्याचे काम केले. पुढे त्यांनी वकिली सोडली आणि वडिलोपार्जित संपत्तीचा मोहही सोडला.

१९४६ साली नागपूरच्या घुले घराण्यातील इंदू हिच्याशी त्यांचा विवाह झाला. हे घराणे शास्त्री-पंडितांचे होते, व घरातील आचारविचार जुन्या वळणाचे होते. घरात लग्नाची धांदल चालू असताना ही मुलगी हळूच बाजूला होऊन एका वृद्ध मोलकरणीला कपडे धुण्यास मदत करीत आहे, असे बाबांच्या दृष्टीस पडले, आणि तिच्या ठायी त्यांना आपली सहचारिणी दिसली, असे सांगतात. लग्नानंतर इंदूचे नाव साधना झाले. लोक त्यांना साधनाताई म्हणू लागले. वरोऱ्यास या दांपत्याने श्रमाश्रम चालविला. तेथे निरनिराळ्या जातींची कष्टकरी माणसे एकत्र राहत, आणि सर्वांची मिळकत सर्वांसाठी खर्च होई. विकास आणि प्रकाश या दोन पुत्रांच्या जन्मानंतर घराला पूर्णता आली.

याच काळात एका पावसाळी दिवशी बाबांनी गटाराच्या कडेला पडलेला एक माणूस पाहिला. त्याचे नाव तुळशीराम. कुष्ठरोगाने त्याची बोटे झडून गेली होती, आणि जखमांत किडे पडले होते. ते दृश्य पाहून बाबा भयभीत झाले व घराकडे पळत सुटले. आजवर ते कोणासही भ्याले नव्हते. आपल्यासारख्याच एका माणसाची आपल्याला भीती वाटावी, याची त्यांना लाज वाटली. ते परत फिरले. त्यांनी तुळशीरामवर आडोसा उभारला, त्याला अन्न दिले आणि तो मरेपर्यंत त्याची सेवा केली. तुळशीराम वाचला नाही. पण बाबांचा पुढचा मार्ग मात्र निश्चित झाला.

त्या काळी कुष्ठरोग हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ समजले जाई. वास्तविक हा रोग एका सूक्ष्म जंतूमुळे होतो, हे नॉर्वे देशातील हान्सेन नावाच्या वैद्याने १८७३ सालीच दाखवून दिले होते. त्यावरील औषधही नुकतेच उपलब्ध होऊ लागले होते. परंतु समाजाच्या मनातील भीती गेली नव्हती. रोगी घराबाहेर काढले जात, आणि भीक मागत मरत. आज हा रोग योग्य औषधांनी पूर्णपणे बरा होतो, हे सर्वांनी लक्षात ठेवले पाहिजे.

घर सोडण्याची बाबांची तयारी सामानाच्या बांधाबांधीने झाली नाही. ती ज्ञानाने झाली. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठरोग्यांसाठी आश्रम चालविला होता. तेथील काम बाबांनी पाहिले. कलकत्त्यास स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत जाऊन त्यांनी कुष्ठरोगाच्या उपचारांचे शिक्षण घेतले. १९४९ साली वरोऱ्यास महारोगी सेवा समिती स्थापन झाली. मग तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ पन्नास एकर खडकाळ जमीन मिळाली. तेथे झुडपे व दगडगोटे यांवाचून काहीही नव्हते. साप आणि विंचू मात्र विपुल होते.

साधनाताईंची कसोटी याहून अवघड होती. दोन्ही मुले अजून चार वर्षांची झाली नव्हती. ज्या रोगाच्या नुसत्या नावाने शेजारी दार लावून घेत, त्या रोगाच्या माणसांत त्या बालकांना घेऊन राहावयाचे होते. तेथे शेजार नव्हता, पाणी नव्हते आणि पक्के छप्परही नव्हते. कोणत्याही मातेच्या मनात येईल ती शंका त्यांच्याही मनात आली नसेल, असे म्हणता येणार नाही. तरी त्या मागे राहिल्या नाहीत. बाबा, साधनाताई, दोन मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर तो संसार माळावर आला. १९५१ च्या जून महिन्यात आचार्य विनोबा भावे यांच्या हस्ते त्या कार्याचा आरंभ झाला. त्या ओसाड माळाचे नाव ठेवले गेले आनंदवन!

पहिले काम विहिरीचे. ज्यांच्या हातांना पुरती बोटे नव्हती, त्यांनी बाबांबरोबर खडक फोडला. पाणी लागले, शेती झाली, भाजीपाला पिकू लागला. परंतु वरोऱ्याच्या बाजारात ती भाजी कोणी घेईना. कुष्ठरोग्यांनी पिकविलेले अन्न खाल्ल्यास आपल्याला रोग होईल, असे लोकांना वाटे. पुढे काही वर्षांतच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून बांधकाम केले, आणि तेथलेच अन्न आनंदाने खाल्ले. ते पाहून गावकऱ्यांची भीती हळूहळू ओसरली. ज्यांना गावाने बाहेर काढले होते, त्यांनीच पुढे गावाच्या मुलांसाठी महाविद्यालय उभारले. भीक मागणारा हात निर्माण करणारा हात झाला.

विकास आणि प्रकाश आनंदवनातच वाढले व पुढे दोघेही डॉक्टर झाले. आता आनंदवन हे त्यांचे आवडते घर होते. ते घर सोडण्याची पाळी लवकरच धाकट्या मुलावर आली. चंद्रपूर जिल्ह्याच्या आग्नेयेस भामरागडचे घनदाट अरण्य आहे. हा भाग १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात मोडतो. तेथे माडिया गोंड हे आदिवासी लोक राहतात. एकदा बाबा मुलांना घेऊन त्या भागात सहलीला गेले होते. या उपेक्षित लोकांसाठी काम करण्याची आपली इच्छा त्यांनी तेथे बोलून दाखविली. प्रकाश यांनी ती जबाबदारी स्वीकारली.

१९७३ सालच्या डिसेंबर महिन्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाश त्या वेळी शस्त्रक्रियेचे उच्च शिक्षण घेत होते. ते अपुरे ठेवून ते अरण्यात गेले. त्यांच्या पत्नी डॉक्टर मंदाकिनी याही त्यांच्याबरोबर झोपडीत राहिल्या. तेथे वीज नव्हती, आणि पावसाळ्यात नद्यांना पूर आला की बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. प्रारंभी माडिया लोक या परक्यांजवळ फिरकत नसत. डॉक्टरांनी त्यांची भाषा शिकून घेतली. एक रोगी बरा झाला, मग दुसरा आला, आणि अशा रीतीने विश्वास वाढला. पुढे तेथे रुग्णालय झाले, शाळा झाली. २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले. हाच पुरस्कार १९८५ साली बाबांना मिळाला होता.

तिसरे प्रस्थान वृद्धांचे होते. १९९० साली बाबांचे वय पंचाहत्तर होते. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. ते उभे राहत किंवा पडून राहत. आनंदवनातील सावलीत आता विसावा घ्यावा, असे कोणीही म्हटले असते. परंतु त्या सुमारास नर्मदेवरील सरदार सरोवर धरणामुळे मध्य प्रदेश, महाराष्ट्र व गुजरात या राज्यांतील अनेक गावे पाण्याखाली जाणार होती. त्या गावकऱ्यांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी बाबा आणि साधनाताई यांनी आनंदवनाचा निरोप घेतला, आणि मध्य प्रदेशात बडवानीजवळ कसरावद येथे नर्मदेच्या तीरावर मुक्काम केला. तेथे ते सुमारे दहा वर्षे राहिले. आनंदवनाचा भार डॉक्टर विकास आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर भारती यांनी सांभाळला.

या तिसऱ्या प्रसंगी एक गोष्ट विशेष ध्यानात येते. बाबांनी आपले घर स्वतःच्या इच्छेने सोडले. ज्यांच्यासाठी सोडले, त्यांना मात्र आपले घर इच्छेविरुद्ध सोडावे लागणार होते. स्वखुशीने केलेला त्याग आणि लादलेले विस्थापन यांत मोठे अंतर आहे. धरणाच्या पाण्याने शेते भिजतात आणि नगरांची तहान भागते, हे खरे. पण त्यासाठी कोणाची तरी चूल विझते, याचाही हिशेब समाजाने ठेवावयास हवा. आपल्या घरावर ज्याचे प्रेम असते, त्यालाच दुसऱ्याच्या घराचे मोल कळते.

बाबा पुढे आनंदवनात परतले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले, आणि त्यांचा देह आनंदवनाच्या भूमीत ठेवण्यात आला. साधनाताईंनी २०११ साली जगाचा निरोप घेतला. त्यांचे ‘समिधा’ हे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे.

घर म्हणजे केवळ भिंती आणि छप्पर नव्हे. आपल्या श्रमाने आणि मायेने जी जागा आपलीशी होते, ते घर. म्हणूनच ज्या माळाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, तो एका कुटुंबाचे, आणि पुढे हजारो निराधारांचे घर होऊ शकला.

शब्दार्थ

निर्वाह – उपजीविका, गुजराण. ओघ – प्रवाह. उणीव – कमतरता. वडिलोपार्जित – पूर्वजांनी मिळविलेले. सहचारिणी – आयुष्यभराची सोबतीण. विपुल – भरपूर. उपेक्षित – दुर्लक्षिलेला. प्रस्थान – प्रयाण, निघणे. विस्थापन – राहत्या जागेवरून हलविले जाणे. ढुंकून न पाहणे – मुळीच लक्ष न देणे.

स्वाध्याय

१. तुळशीरामला पाहून बाबांना कशाची लाज वाटली?
२. आनंदवनात जाण्यापूर्वी बाबांनी कोणती तयारी केली?
३. वरोऱ्याचे लोक आनंदवनातील भाजी का घेत नसत? त्यांची भीती कशी ओसरली?
४. ‘स्वखुशीने केलेला त्याग आणि लादलेले विस्थापन यांत मोठे अंतर आहे.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
५. तुमच्या शेजारी दुसऱ्या गावाहून येऊन राहिलेले एखादे वृद्ध गृहस्थ किंवा आजी असतील, तर त्यांना भेटा. गाव सोडताना त्यांनी कोणत्या वस्तू बरोबर आणल्या व कोणत्या मागे ठेवल्या, ते विचारून दहा ओळी लिहा.