हळद वेगळी, हळदीची कॅप्सूल वेगळी



मागच्या गुरुवारी आरती झाल्यावर नया बाजारातल्या आपल्या एका काकूंनी पिशवीतून डबी काढून दाखवली. गुडघ्यांसाठी मुलाने मागवलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल. म्हणाल्या, "हळदच आहे हो, हळदीने कधी कोणाचं वाईट झालंय का?" काकूंना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. म्हणून या वेळचा पाठ यावरच.

कर्क्युमिन म्हणजे हळदीला पिवळेपणा देणारं रंगद्रव्य. सुक्या हळदीत ते साधारण ३ टक्के. म्हणजे चमचाभर, ३ ग्रॅम हळदीत ९० मिलिग्रॅमच्या आसपास. डबीवर छापलं होतं ५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के. करा हिशेब! एका कॅप्सूलमध्ये पाच चमचे हळदीचा ऐवज, आणि काकू घेतात दोन. खाण्यातला रंग म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम धरली आहे. ६० किलोच्या माणसाला १८० झाले.

त्यात मिरीचा अर्कही होता. नुसतं कर्क्युमिन रक्तात फारसं उतरत नाही. मिरीतल्या पायपरीनमुळे ते वीस पटींपर्यंत वाढतं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. पण मिरी काही इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवते, हे डबीवर कुठं लिहिलेलं असतं?

गुडघ्यांना काहींना आराम पडतो, छोट्या अभ्यासांत तसं दिसलंय. ते खोटं नाही. पण अशा कॅप्सूलांनी यकृताला सूज आल्याच्या घटना इटलीत इतक्या झाल्या, की २०१९ मध्ये तिथल्या सरकारला वेष्टनावर इशारा छापायला लावावा लागला. अमेरिकेत नोंदलेल्या दहा रुग्णांपैकी एक दगावला.

१९९७ मध्ये अमेरिकेतलं हळदीचं पेटंट रद्द झालं, त्याचा दाखला काहीजण देतात. अहो, तो वाद जखमेवर हळद लावण्याचं ज्ञान नवं की जुनं, याचा होता. कॅप्सूलचा त्याच्याशी काय संबंध?

रक्त पातळ करायचं औषध, पित्ताशयातले खडे, यकृताचा त्रास, गरोदरपण, ठरलेलं ऑपरेशन: यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. लघवी गडद, डोळे पिवळे, भूक गेली, तर कॅप्सूल थांबवून लगेच दाखवावं. रक्त पातळ करायची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

काकू डबी घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आल्या. कॅप्सूल बंद. वरणातली हळद चालू आहे.