कपाटातलं पिस्तूल, रेंजवरचं पिस्तूल

लष्करातून बाद झालेली जुनी पिस्तुलं जमवायचा नाद मला अमेरिकेत आल्यावर लागला. आता इथली ओळखीपाळखीची मराठी मंडळी फोन करून विचारतात, "पहिलं कोणतं घेऊ?" मी उलट विचारतो, कपाटात ठेवायला की रेंजवर चालवायला? "दोन्हीला" असं उत्तर आलं की मी त्यांना पैसे खिशातच ठेवायला सांगतो.

संग्राहकाला वस्तू जशीच्या तशी लागते: जुळणारे नंबर, मूळचं ब्लूइंग, आयातदाराचा शिक्का नसेल तर उत्तमच. रेंजवरच्या पिस्तुलाला याच्या उलट वागवावं लागतं. सत्तर-ऐंशी वर्षांच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात, झिजलेला भाग फेकून नवा घालावा लागतो. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन पी ३८ घ्या. स्लाइडवर 'एसी' असेल तर वाल्थरचं, 'बीवायएफ' असेल तर माउझरचं, 'सीवायक्यू' असेल तर स्प्रीवेर्कचं. ही अक्षरं आणि जुळणारे नंबर यांनाच तर लोक पैसे मोजतात. त्याचा लॉकिंग ब्लॉक जास्त वापराने तडकतो, आणि नंबर त्या ब्लॉकवरही असतो. दुसरा ब्लॉक मिळतो, पिस्तूल पुन्हा चालतं, किंमत मात्र उतरते ती उतरतेच. हौस नेमबाजीची असेल तर त्याचा युद्धानंतरचा धाकटा भाऊ पी १ घ्यावा. फ्रेम ॲल्युमिनियमची, आणि पुढच्या काळातल्या नगांत ती षट्कोनी पोलादी पिन घालून बळकट केलेली. संग्राहक त्याला नाक मुरडतात, म्हणूनच ते परवडतं.

पिस्तुलाआधी काडतुसाची चौकशी करा. नवखा माणूस "नाइन एमएम" एवढंच ऐकून खोकं उचलतो. मॅकारोव्हचं काडतूस ९ × १८, पी ३८ चं ९ × १९. मॅकारोव्हच्या गोळीचा व्यासही जरा मोठा, ९.२७ मिलिमीटर. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या आयातीचे नवे परवाने बंद केले, तेव्हा मॅकारोव्हवाल्यांचा स्वस्ताईचा काळ संपला. तरी युरोपातले कारखाने हे काडतूस अजून बनवतात. त्यामुळे नेमबाजीसाठी पहिलं पिस्तूल म्हणून मी आजही मॅकारोव्ह किंवा चेक सीझेड ८२ सुचवतो. मॅकारोव्हची रचना अगदी साधी, नळी फ्रेमलाच पक्की बसवलेली. सीझेड ८२ मध्ये बारा गोळ्या मावतात आणि डावखुऱ्यालाही ते सोयीचं पडतं.

७.६२ × २५ च्या प्रेमात पडणारे वेगळे. तो आवाज आणि ती नळीतून निघणारी ज्वाळा! या काडतुसाची दोन पिस्तुलं नेहमी शेजारी-शेजारी मांडलेली दिसतात: टोकारेव्ह आणि सीझेड ५२. दुसऱ्याची रोलर-लॉक रचना पाहून ते जास्त मजबूत, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात रोलरसाठी कोरलेल्या जागेपाशी त्याची नळी पातळ असते. मूळची फायरिंग पिन ठिसूळ, रिकामा चाप ओढत बसलं तर तुटते. आणि घोडा उतरवणाऱ्या त्याच्या खटक्यावर भरल्या पिस्तुलात कधीही विसंबू नये. झिजलेल्या नगात गोळी सुटू शकते. बघायला मला तेच आवडतं. चालवायला मात्र मी टोकारेव्ह घेईन, त्यातही युगोस्लाव्हियाचं एम ५७.

सगळ्यात जास्त सावध मी वेब्लीच्या बाबतीत करतो. एका शस्त्रप्रदर्शनात एका वृद्ध विक्रेत्याने माझ्या हातात वेब्ली मार्क सहा ठेवलं. हिंदी सिनेमातल्या गोऱ्या साहेबाच्या कमरेला असतं तेच धूड, १९१५ साली ब्रिटिश सैन्यात आलेलं. म्हणाला, ".४५ एसीपी खुशाल चालवा, त्यासाठीच केलंय." सिलिंडरची मागची बाजू तासलेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी हजारो रिव्हॉल्व्हर अमेरिकेत आली. इथे .४५५ ची काडतुसं मिळेनात आणि .४५ एसीपी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात, म्हणून ही तासातासी झाली. पण .४५ एसीपीचा दाब दर चौरस इंचाला २१ हजार पौंडांपर्यंत जातो, आणि वेब्ली त्याहून कितीतरी सौम्य काडतुसासाठी घडवलेलं आहे. दहा गोळ्या सुखरूप सुटल्या याचा अर्थ अकरावी सुटेल असा नाही. सिलिंडर फाटल्याची उदाहरणं आहेत. तासलेलं वेब्ली संग्राहकालाही अर्ध्या किमतीचं. मी ते परत ठेवलं. विक्रेत्याचा चेहरा पडला, पण त्याला इलाज नव्हता.

जुनी लष्करी काडतुसं स्वस्त दिसतात, त्यांतल्या बहुतेकांच्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. बार झाला की नळीत मिठासारखा क्षार उरतो आणि हवेतलं पाणी ओढतो. तेलाने तो विरघळत नाही. त्याच संध्याकाळी गरम पाण्याने नळी धुवावी, कोरडी करावी, मग तेल. ओळखीच्या एका गृहस्थांनी "उद्या करू" म्हटलं. पुढच्या शनिवारी नळीच्या आट्यांत तांबूस थर होता.

आता कायदा. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर पिस्तूल घेणं सोडाच, मित्राचं हातात धरणंही संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो. शिकारीच्या वैध परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. ग्रीन कार्ड झालं की पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी संग्राहकाचा परवाना मिळतो, तीन वर्षांचे ३० डॉलर. प्रत्येक खरेदी वहीत नोंदवावी लागते, आणि राज्याचे नियम वेगळे. भारतात परतायचं असेल तर हा संग्रह बरोबर नेण्याचे बेत करू नका. तिथे ९ एमएम सामान्य नागरिकाला निषिद्ध बोअर आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात.

घरी आणलेलं पिस्तूल आधी जाणकार गनस्मिथला दाखवा. मग रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी भरा. ती नीट सुटली, खाली पडलेली केस फुगलेली-फाटलेली नसली, तर दोन. झिजलेल्या पिस्तुलात एकदा चाप ओढल्यावर दोन्ही सुटू शकतात, म्हणून तिसरी लगेच घालू नका.