वाहत्या पाण्यात औषध विरतं का?

प्रश्न : कापूस-मिरचीवर फवारणी झाली की आम्ही पंप नाल्यात धुतो. वाहतं पाणी आहे, औषध विरून जातं, असं वडील म्हणतात. परवा खालच्या डोहात मासे मरून तरंगत होते. गुरंही तिथंच पाणी पितात. आमच्यामुळे झालं असेल का?
– एक शेतकरी, धानोरा, जि. नंदुरबार

उत्तर : नेमकं कारण तपासणीशिवाय सांगता येणार नाही, पण शंका रास्त आहे. औषध विरतं, नाहीसं होत नाही. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिनसारखी औषधं माणसापेक्षा माशांना कितीतरी अधिक घातक असतात. लिटरमागे मिलिग्रॅमच्याही अगदी लहान अंशाने मासे मरतात, त्यांचं खाद्य असलेले पाणकिडे त्याआधीच. ते मासे खाऊ नका, कोंबड्या-कुत्र्यांनाही घालू नका. तूर्त गुरांना दुसरीकडे पाणी पाजा.

उपाय हातातला आहे. औषध संपलं की बाटली तीनदा विसळा आणि ते पाणी पंपातच ओता. पंप धुतलेलं पाणी त्याच पिकावर फवारा. विहीर आणि नाल्यापासून लांब. रिकाम्या बाटल्यांना भोकं पाडा. त्या घरात वापरू नका, जाळू नका. पावसाचा रंग दिसत असताना फवारणी नको, युरियाही नको. वाहून गेलेल्या युरियाने डोहात शेवाळ माजतं, ते कुजलं की पाण्यातला प्राणवायू घटतो. नाल्याकाठी गवताचा पट्टा राखलात तर बरंच अडेल.

वडिलांना दोष देऊ नका. त्यांच्या उमेदीत इतकी औषधं नव्हती. मासे पुन्हा मेले तर सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) लगेच कळवा. सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१.